भद्रकाचा मानाचा डुक्कर

गंडकीकाठच्या एका नगरात राजा सुखाने राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व नगराबाहेरच्या वस्तीत डुकरे पाळणाऱ्याच्या घरी जन्मला. नाव भद्रक. वस्तीची रीत अशी, की साऱ्या माद्यांना एकच नर घरोघर फिरवायचा आणि प्रत्येक विणीतले पहिले पिल्लू नराच्या मालकाला द्यायचे. त्या वर्षी हा मान भद्रकाच्या नराला, काजळ्याला मिळाला होता.

उन्हाळ्यात डुकरे पटापट मरू लागली. अंगावर लाल चट्टे, दोन दिवस ताप, की संपले. मुखिया तिंबरू हबकला. "रानडुकरांचा ताप दरवर्षीच येतो, चार-दोन जातात. यंदाच असा का चवताळलाय?"

भद्रक दारोदार फिरून पाहू लागला. ताप सगळीकडे होता, पण मरत होती ती आधीपासून खोकणारी डुकरे. आणि खोकला होता नेमका काजळ्या जाऊन आला त्याच घरांत! काजळ्या स्वतः चार दिवस ठसकून ठणठणीत झाला होता.

आता पाळी सामाआजीची होती. "उद्या पाठव रे बाबा त्याला," ती म्हणाली. "या एका मादीवर माझं घर चालतं."

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होते? पण भद्रकाने वस्ती गोळा केली.

"आजी, काजळ्या येणार नाही. बरा दिसला तरी खोकला त्यानेच घरोघर नेला. खोकला जनावर पोखरतो, मग ताप त्याला उठू देत नाही. तो ठसकताना मी पाहिला होता, तरी फिरवला. चूक माझी."

"मग मार त्याला!" तिंबरू भडकला.

"त्यानं काय मुद्दाम केलं? मी त्याला घेऊन नदीपल्याड राहतो. तुम्ही खोकणारी डुकरं वेगळी ठेवा, एका डोणीत खाऊ घालू नका."

मान गेला, पिल्ले गेली. भद्रकाला वाईट वाटले, नाही कसे? पण पावसाळा सरेपर्यंत मरणे थांबले. तिंबरूने परगावाहून दुसरा नर आणला आणि महिनाभर वेगळा ठेवून मगच फिरवला. पुढे एका सकाळी सामाआजी काठावरूनच ओरडली, "नऊ झाली रे, भद्रका! नर कुणाचाही असो, पहिलं तुझं!"

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्त्यांनी, भिक्षूंच्या गुरूंनी, जेवणाच्या पंगतीतल्या एका तरुण भिक्षूकडे पाहिले. तो वेगळे बसवतील या भीतीने कधीचा खोकला दाबून बसला होता. "सामा म्हणजे आज भात वाढणारी ही उपासिका. तिंबरू म्हणजे तुझ्यावर डोळे वटारणारा हा वडीलधारा भिक्षू, हा थेर. भद्रक मी होतो आणि काजळ्या तू. तेव्हाही तुझा दोष नव्हता, बाळा. आपल्या तोट्याचे खरे वेळेवर सांगणे, हीच सत्यपारमिता."

भिक्षूने पात्र उचलले आणि दूर झाडाखाली जाऊन मोकळेपणी खोकला. त्याचा भात थेर स्वतः घेऊन गेला.