कापसाचे बोळे आणि दगडाची राजकन्या

एका राज्यात तीन जाणते होते. नागार्य वैद्य, सोमल गवई आणि भिवरा पाथरवटीण. वैद्यानं हात लावला की वाळलेली वेल पालवायची. गवई गायला की वाटेवरचा वारा थबकायचा. भिवरेनं दगडात मोर कोरला, तर तो उतरून अंगणात दाणे टिपायचा.

पण तिघांत बोलणं नव्हतं. बारा वर्षांमागं एक जादूगार दरबारी आला नि सांगून गेला, "परक्या विद्येचा शब्द कानी पडला, की आपली विद्या बाटते. बाटली की विसरते." झालं! तेव्हापासून एकानं तोंड उघडलं, की बाकीचे दोघं कानांत कापसाचे बोळे घालत. विड्याच्या तबकाशेजारी बोळ्यांचं तबक मांडलेलंच असे.

जाताना जादूगारानं एक पेटी नजर केली होती. बारा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. एके दिवशी राजकन्या केतकीनं ती उघडली. आत चांदीचे पैंजण, पैंजणांवर बसलेली साळुंकी. केतकीनं पैंजण पायांत घातले मात्र, पावलं दगडाची झाली!

साळुंकी बोलली, "आजचा सूर्य बुडेल, गुडघ्यापर्यंत दगड. उद्याचा बुडेल, कमरेपर्यंत. परवाचा बुडेल, डोईपर्यंत. मग लेक नाही, मूर्ती."

राजानं वैद्याला बोलावलं. त्यानं सात मुळ्यांचा लेप लावला. अळवावरचं पाणी जसं, तसा ओघळला. नाडी धरून वैद्य म्हणाला, "दगडाखाली रक्त वाहतंय, महाराज. नाडीच्या दोन ठोक्यांमध्ये दगड क्षणभर सैल पडतो. पण माझ्या लेपानं निघत नाही." गवई नि भिवरा बोळे घालून बसले होते. सूर्य बुडाला. गुडघ्यापर्यंत दगड.

दुसऱ्या दिवशी गवई आला. त्यानं खर्ज लावला, तशी मुदपाकखान्यातली भांडी गुणगुणली, दगडही गुणगुणला. गवई म्हणाला, "सगळा दगड सुरात वाजतो. एक रेघ तेवढी मुकी आहे. तिथं सांधा असावा. पण सुरानं सांधा उकलत नाही." वैद्य नि भिवरा बोळ्यांत. सूर्य बुडाला. कमरेपर्यंत दगड.

तिसऱ्या दिवशी भिवरेनं छिन्नी उचलली नि खाली ठेवली. "महाराज, सांधा ठाऊक असता, दगड सैल असता, तर घाव घातला असता. आंधळा घाव घालीन, तर लेक फुटेल."

सूर्य डोंगराला टेकला. दगड चढत चढत गळ्याशी आला. केतकी म्हणाली, "आई, श्वास पुरत नाही गं."

सुगुणा राणी तीन दिवस लेकीपाशी बसून होती. तिच्या कानांत बोळे नव्हते. तिनं तिघांचंही ऐकलं होतं. ती ताडकन उठली नि वैद्याच्या, गवयाच्या कानांतले बोळे उपटले!

वैद्य ओरडला, "राणीसाहेब! चाळीस वर्षांची विद्या जाईल!"

"राहून तरी काय उजेड पाडला तिनं?"

राजा म्हणाला, "विद्या बाटली तर राज्य बुडेल."

"विरजण लागलं म्हणून दूध बाटतं का, महाराज? दही होतं! भिवरे, बोल. सगळं परत बोल."

भिवरा बोलली. वैद्याचे डोळे विस्फारले. गवई मांडी ठोकून म्हणाला, "अहो, सांधा मी दाखवतो की!"

"आणि दगड सैल कधी पडतो, ते मी सांगतो!"

"मग बसलात काय?" भिवरा म्हणाली.

गवयानं खर्ज लावला. मुक्या रेघेवर राणीनं कुंकवाचं बोट ओढलं, गळ्यापासून थेट घोट्यापर्यंत. वैद्यानं नाडी धरली. "थांब... थांब... आता!" ठण्! छातीवरचा दगड सुटला. केतकीनं श्वास ओढला. "आता!" ठण्! कमर मोकळी झाली.

राहिले पाय. सूर्याची नखाएवढी कोर उरली. भ्यालेल्या पोरीची नाडी सशासारखी पळू लागली. वैद्याला घाम फुटला. "दोन ठोक्यांत फटच नाही हो!"

गवई म्हणाला, "नाडी किती पळते ते बोटानं वाजवा." वैद्यानं फरशीवर बोट वाजवलं. गवयानं तीच लय धरली, मग गाणं हळूहळू संथ केलं. गाण्यामागून नाडी चालली, जशी गाईमागून वासरी. वैद्य ओरडला, "भिवरे, आता!"

ठण्! दगड फुटला, पैंजण तुटले, घुंगरू दरबारभर उडाले. सूर्य बुडाला, आणि केतकी धावत आईच्या कुशीत शिरली.

वैद्यानं घाईघाईनं मुळ्यांची नावं घोकली. एकही विसरलं नव्हतं. उलट ओठांवर गवयाचा खर्ज आला होता, बेसूर का असेना! साळुंकी जादूगाराची बोली विसरली नि नुसतं "केतकी, केतकी" म्हणू लागली.

राणीनं तबकातले बोळे वळून वाती केल्या, समईत लावल्या. कानांतला कापूस, पण जळला झकास. त्या उजेडात तिघं जाणते बोलत बसले ते बसलेच. राणीला लेक मिळाली, राज्याला कान मिळाले, तुम्हांला ही कहाणी मिळाली.