खारीची ढोली आणि राजाचा वाटा

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट रानात, ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर, एक खार राहत असे. आसपासचे ससे, तितर, साळिंदर सारे मिळून चारोळी, मोहाची फुले, रानातले धान्य गोळा करत आणि विश्वासाने तिच्या हवाली करत. खार ते ढोलीत नीट साठवी. हंगाम संपला की गरजेपुरते ठेवून उरलेल्याचे वाटे ती सगळ्यांना देई. ज्याला वाटा मिळे, तो त्यातला थोडा सिंहराजाला देई, कारण पाणवठ्यावर पहारा देणाऱ्या वानरांचे पोट त्यावरच चाले. ढोलीत राहिलेल्या साठ्यातून राजा काही घेत नसे. मात्र वाटण्याजोगे असूनही राजाचा हिस्सा बुडवायला कोणी अडवून ठेवले, तर ढोलीतला अर्धा साठा जप्त करायचा, असा राजाचा नियम होता.

आदल्या वर्षी वणव्यात ढोलीतला साठा जळाला होता. तो उन्हाळा खारीच्या मनातून जात नव्हता. ससिणीची पिल्ले भुकेने कळवळत आणि खारीजवळ द्यायला दाणाही नसे. यंदा रान भरभरून पिकले, ढोली काठोकाठ भरली. तरी खारीने प्रत्येकाच्या हातावर चिमूटभरच ठेवले. साळिंदर काटे फुलवून म्हणाले, "ताई, राबलो आम्ही सगळे, आणि एवढंच?" खारीने ढोलीच्या तोंडाशी पाला लावला आणि ती आत जाऊन बसली.

ही गोष्ट राजाचा हिस्सा गोळा करणाऱ्या कोल्ह्याच्या कानावर गेली. कोल्हा कामाला चोख होता. त्याने ढोलीत डोकावून पाहिले आणि आवाज चढवला, "एवढी रास आणि एवढेसे वाटे? राजाचा हिस्सा बुडवायला हे अडवून ठेवलंस! अर्धा साठा मी नेणार." खार ढोलीच्या तोंडाशी आडवी झाली. "अहो, हे माझ्यासाठी नाही हो! पुन्हा वणवा लागला तर ही पिल्लं काय खातील?" कोल्हा ऐकेना. शेवटी भांडण हत्तिणीपुढे गेले. रानातले तंटे तीच मिटवी.

हत्तीण स्वतः झाडापाशी आली. "आतलं सगळं बाहेर काढ, बाळ," ती मायेने म्हणाली. रास उन्हात पसरली, तेव्हा तळाचे बरेचसे दाणे बुरशीने काळे पडलेले दिसले. हत्तिणीने सोंडेने ते बाजूला सारले. "कोल्होबा, हे तुमच्या राशीत धरलं होतं ना? हे कोण खाणार?" मग गेल्या वर्षीची खोट भरून निघेल आणि पुढचा उन्हाळा निभेल, एवढा मोठा ढीग तिने वेगळा केला. "हा ढोलीतच राहील. याला हात लावायचा नाही."

तरीही एक छोटा ढीग उरलाच. हत्तीण खारीकडे वळली. "आणि हा गं?" खारीचे डोळे भरून आले. "भीती वाटली, हत्तीणबाई. कितीही ठेवलं तरी कमीच वाटत होतं." हत्तिणीने तिच्या पाठीवरून अलगद सोंड फिरवली. "तू लबाडी केली नाहीस, म्हणून जप्ती नाही. पण भीतीला पोट नसतं, बाळ, कितीही घातलं तरी ती भरत नाही. हा ढीग ज्यांचा, त्यांना देऊन टाक."

खारीने तिथेच वाटे केले. प्रत्येकाने आपल्यातून राजाचा हिस्सा कोल्ह्यापुढे ठेवला आणि कोल्हा तो घेऊन पाणवठ्याकडे निघाला. साळिंदर मात्र घुटमळत राहिले. मग आपल्या वाट्यातली ओंजळभर चारोळी त्याने खारीपुढे सरकवली. "ताई, ही आत ठेव. कशाला साठवतेस, ते आधी सांगितलं असतंस, तर मी कशाला रुसलो असतो?" त्याच्यामागून ससीण आली, तितर आले. खार एकेकाकडे पाहत राहिली आणि तिला हसूही आले, रडूही आले.

तात्पर्य : कमाईचा वाटा ठरवताना नुसती रास पाहू नये, मागची खोट आणि पुढची गरजही पाहावी, पण गरज भागून जे उरते, ते भीतीपोटी अडवून न ठेवता ज्याचे त्याला द्यावे.