ठकूबाई आणि राघूचा पाय

आपल्या कातळवाडीला रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, आणि पडलेल्या माणसाला झोळीत घालून ठकूबाईच्या दारात न्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. ठकूबाई हाडं बसवायची. नुसता तळवा ठेवला की आत हाड कुठं सांधतंय ते तिला ऐकू यायचं, असं म्हणतात.

एका वैशाखात मध काढणारा राघू कड्यावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. ठकूबाईनं ते बसवून बांबूच्या कामट्या बांधल्या. तीन महिन्यांनी कामट्या सोडल्या, तर पाय काटकीसारखा वाळलेला आणि गुडघा वाकेना.

"हाड जुळलंय," ती म्हणाली. "आता पायाला काम दे. आधी अंगठा हलव."

राघू अंगठा हलवेना. हलवलं की पुन्हा मोडेल, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. त्याची बायको चंद्रा तर त्या पायाकडं बघायलाही भ्यायची. पाटील येऊन म्हणाले, "ठकूबाई, हा पाय पुन्हा मोडला तर तुझ्या दारात कुणी यायचं नाही."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

अंगठ्यानंतर घोटा. मग जमिनीवर भाताचा कोंडा पसरून तिनं त्याला त्यावर टाच सरकवायला लावली, दहा वेळा पुढं, दहा वेळा मागं. कळ मस्तकात जायची. "ही ताणाची कळ," ती सांगायची. "मोडण्याची वेगळी असते. ती आली तर मीच थांबवीन." राघू आत आकडे म्हणायचा, आणि चंद्रा दाराबाहेर उभी राहून त्याच्यासोबत मोजायची. आतून पुढचा आकडा आला नाही की तो तीच पुटपुटायची.

महिन्याभरात गुडघा वाकला. मग भिंत धरून उभं राहणं, मग काठी. मांडी भरत आली, पण काठी काही सुटेना. ती बाजूला ठेव म्हटलं की राघू ती आणखी घट्ट धरायचा.

एका सकाळी ठकूबाईनं काठी काढून चंद्राकडं दिली आणि दोन्ही हात पुढं करून राघूसमोर उलटी चालू लागली. "माझ्याकडं बघ. पायाकडं नको."

एक पाऊल. दुसरं. दोघं अंगणातून गल्लीत आले. माणसं दारात येऊन उभी राहिली. ठकूबाई उलटी चालतच होती, आणि तिच्या मागं कठडा नसलेली विहीर होती.

"मावशी, थांबा," राघू जागीच थांबून म्हणाला. ती मात्र मागं मागं जातच राहिली. तिची टाच काठाला लागली, एक खडा पाण्यात पडला. पुढचं राघूलाही कधी नीट सांगता आलं नाही. सात पावलांचं अंतर त्यानं एका झेपेत तोडलं, असं म्हणतात, आणि तिचं मनगट धरलं.

दोघं तिथंच खाली बसले. ठकूबाईनं आधी त्याची मांडी चाचपली. "दुखतंय?"

"नाही."

"मग माझा हात सोड."

मागं विहीर आहे हे तिला ठाऊक होतं का? चंद्रानं कितीदा विचारलं, तिनं सांगितलं नाही. तेव्हा तिची नजर गेलेली होती, असंही म्हणतात.

आता तालुक्याला दवाखाना आहे, व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत. आपण तिकडंच जातो. पण प्लास्टर निघालेलं माणूस गावात परतलं की गल्लीतलं प्रत्येक घर ठकूबाईच्या नावानं दाराबाहेर एक स्टूल ठेवतं. त्या माणसानं रोज एक घर पुढं जायचं, दमलं की बसायचं. पाऊल अडखळलं की बघणारे पुढं सरसावतात. तरी 'जपून' असं कुणीही म्हणत नाही.