आतली करवंदं

फार पूर्वी एका डोंगरउतारावर करवंदीची जुनी जाळी होती. दर वैशाखात खारीचं अख्खं कुटुंब तिची करवंदं तोडायला यायचं. त्या वर्षी मात्र खार एकटीच आली, मागे तीन पिल्लं घेऊन. त्यांच्या बापाला ससाण्याने नेलं होतं.

बाहेरची करवंदं वानरांनी केव्हाच संपवली होती. खार आत शिरू लागली, तशी जाळीने तिच्यावर काटे रोखले. आत बुलबुलिणीचं घरटं होतं, आणि भुकेली खार घरटी लुटते हे जाळीने पाहिलं होतं.

"मागे फिर. आत लेकुरवाळी आहे," जाळी म्हणाली.

"मीही लेकुरवाळीच आहे गं," असं म्हणून खार रक्ताळलेला पंजा चाटत तिथेच बसली.

जाळीला वाईट वाटलं, पण काटे तिने आवरले नाहीत. इतक्यात बुलबुलीण घरट्यातून उठली आणि पिकलेली करवंदं चोचीने तोडून खाली टाकू लागली.

"अगं, ती तुझ्यासाठी राखलीत मी!" जाळी म्हणाली.

"काटे माझ्या पिल्लांसाठी राहू देत, बाई," बुलबुलीण म्हणाली. "करवंदांवर कशाला पहारा?"

खाली पिल्लं अधाशासारखी खात होती. खार डोळे पुसत वेचत होती.

मग वारा आला, तशी जाळीने आतली एक लगडलेली फांदी बाहेर झुकू दिली.