घंटाफुलांची मान

त्या राज्यात सगळे काही होते, फक्त उंची नव्हती. जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, काळी आणि ओलसर होती. राज्य सूर्यफुलांचे होते. शेजारच्या राज्यांकडे डोंगर होते, आणि चार पाहुणे जमले की डोंगराच्या गोष्टी निघत. तेव्हा सूर्यफुलांना बोलायला काही उरत नसे. म्हणून महाराजांनी ठरवले, की आपणही एक डोंगर करायचा, आणि त्यावर डोंगरातलीच फुले वसवायची.

काम खेकडीकडे आले. राज्यात दगडाची जाण असलेली ती एकटीच. तिचा निम्मा जन्म डोंगराच्या पायथ्याच्या ओढ्यात गेला होता. तिने आधी मोठे धोंडे पुरले, त्यांवर फुटकी कौले, त्यांवर जाड खडी आणि सगळ्यात वर चिमूटभर पालापाचोळा घातला. प्रत्येक दगड एक तृतीयांश जमिनीत आणि किंचित मागे कललेला ठेवला, म्हणजे पाणी थांबणार नाही. सूर्यफुलांच्या कारभाऱ्यांनी चार गाड्या शेणखत पाठवले. तिने ते परत पाठवले. डोंगरातल्या जिवाला पोसून मारता येते, हे तिला ठाऊक होते आणि कारभाऱ्यांना समजावता येत नव्हते.

मग बर्फाच्या रेषेजवळून बारा घंटाफुले आणली. त्यांना कोणी विचारले नव्हते. करंगळीच्या पेराएवढी निळी फुले, नाजूक देठ, आणि प्रत्येक फुलाचे तोंड जमिनीकडे. खेकडीने त्यांना दगडांच्या फटीत बसवले आणि बुडाभोवती बारीक खडीचे कडे केले. तरी पहिल्याच उन्हाळ्यात पाच गेली. उरलेल्या सातांत जी सगळ्यात वयस्क होती, तिला बाकीची थोरली म्हणत. ती फारशी बोलत नसे. आपल्या जातीच्या झाडाला तीन-चार वर्षांचे आयुष्य असते आणि आपली तीन झाली आहेत, याचा हिशेब ती मनात करत असावी.

"पोरी," एकदा ती खेकडीला म्हणाली, "या खेपेला बी धरलं पायजे. पुढची खेप काही मला नाही. आणि बी नाही धरलं तर इथं आमचं कोणी होतं, हे सांगायलासुद्धा कोणी राहायचं नाही."

"धरेल की," खेकडी म्हणाली. "फुलं तर भरपूर आलीत."

तसे झालेही असते. पण त्याच सुमारास महाराजांना डोंगराच्या बागेतल्या या नव्या पाहुण्या फुलांसाठी काही करावेसे वाटले. त्यांनी एका पानावर आज्ञा लिहवून घेतली: 'पाहुण्यांचा मान उंच राहील, याची बागेने काळजी घ्यावी.' आज्ञा चांगली होती. महाराज मनाने वाईट नव्हते, हेही इथे सांगून टाकलेले बरे.

पान पोहोचवायचे काम दप्तरदार गोगलगायीचे. राजवाड्यापासून बागेपर्यंत यायला तिला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत ती कितीदा पानावरून इकडून तिकडे गेली, ते तिलाही आठवत नव्हते. त्यातल्या एका फेरीत तिच्या अंगाची ओली रेघ 'चा'च्या डोक्यावरून वळण घेऊन गेली आणि वाळली. काना होता तिथे दुसरी वेलांटी झाली. बागेत पान वाचले गेले ते असे: 'पाहुण्यांची मान उंच राहील, याची बागेने काळजी घ्यावी.'

सगळ्यांनी वाफ्याकडे पाहिले. सातही झाडांवरच्या झाडून सगळ्या फुलांची मान खाली होती.

"बरोबरच आहे," सूर्यफुलांचा कारभारी म्हणाला. "आपल्याकडे येऊनही असं तोंड पाडून बसायचं म्हणजे काय? बघणाऱ्यांनी काय समजायचं?"

खेकडीने पान पुन्हा पुन्हा पाहिले आणि ती गोगलगायीकडे गेली.

"बाईसाहेब, हा चा आहे का ची?"

"काय दिसतंय?"

"दिसतंय ची. पण वेलांटी तेवढी चकाकतेय. बाकीची शाई काळी आहे."

गोगलगायीने पानाकडे पाहिले, मग मागे वळून आपण आलेल्या वाटेकडे पाहिले. तीही तशीच चकाकत होती. तिला कळले. पण कळणे आणि कबूल करणे यांत तिच्या चालीने एक आयुष्य गेले असते.

"शंका असेल तर मसुद्याशी ताडून बघावं लागेल," ती म्हणाली.

"मग बघू या."

"मसुदा कुठला आता? प्रत निघाली की मसुदा खाऊन टाकायची दप्तराची पद्धत आहे. मीच खाल्ला."

झाले. दुसऱ्या दिवशी मोळ गवताच्या ताठ काड्यांची एक मोळी आणि तागाचा दोरा बागेत येऊन पडला. प्रत्येक फुलाच्या शेजारी एक काडी रोवायची, मान वर उचलायची आणि बांधायची. खेकडीने एकदा मनात आणले, की नांग्या टाकून ओढ्याकडे निघून जावे. मग तिला वाटले, आपण गेलो तर दुसरे कोणी येईल आणि करकचून बांधेल. निदान आपली गाठ तरी मऊ बसेल. म्हणून तिने बांधले, आणि फार सुबक बांधले. देठाला काचू नये म्हणून प्रत्येक फासाच्या आत तिने शेवाळ घातले. या शेवाळाची पुढे तिला जेवढी लाज वाटली, तेवढी दुसऱ्या कशाची वाटली नाही.

"आमची मान खाली असते ती काय दुःखानं नव्हे गं," थोरली बांधून घेताना म्हणाली. "वर आमच्याकडे सदा धुकं, सदा पाऊस. पराग आत असतो. वर छप्पर, खाली तोंड, असं असलं की तो कोरडा राहतो. माशी खालून येते आणि घेऊन जाते. एवढंच आहे ते."

"मी सांगते कारभाऱ्यांना."

"सांग."

तिने सांगितले. कारभारी ऐकून घेऊन म्हणाला, की छप्पर लागते म्हणजे राज्याच्या आभाळावर विश्वास नाही असा अर्थ होतो, तेव्हा हे परत कुठे बोलू नये.

पाऊस आला तसे निळे पेले काठोकाठ भरले. पराग पाण्यावर तरंगला आणि पाण्याबरोबर सांडला. माश्या येत, पेल्याच्या कडेवर क्षणभर बसत आणि परत जात. फुले एकेक करून सडली आणि एकाही फुलाने बी धरले नाही. धाकटी दोन झाडे त्या ओलीनेच गेली. थोरली रोज म्हणे, "एवढी एक गाठ सोड." खेकडी रोज म्हणे, "उद्या सोडते." रोज कोणीतरी सूर्यफूल बागेवरून नजर फिरवत असे, आणि तिला भीती वाटे. भीती वाटते हे ती थोरलीला सांगत नसे. गाठ ओली झाली आहे, सुटत नाही, असे काहीबाही सांगे. थोरलीला ते कळत असावे. तिने पुढे विचारणेच सोडून दिले.

हंगाम सरत आला तेव्हा थोरलीच्या अंगावर एक शेवटची कळी उरली होती. नियमाप्रमाणे तीही कोवळी असतानाच काडीला बांधलेली होती. बाकीच्या चार झाडांवरही अशीच एकेक, उशिराची. आणि तेवढ्यात बातमी आली, की शेजारच्या राज्यांतले पाहुणे डोंगर बघायला येणार आहेत, आणि महाराजांच्या मते काड्या-दोरे दिसायला बरे दिसत नाहीत. सगळे काढून टाकावे.

खेकडी धावतच वाफ्यात आली. "सुटलात," ती थोरलीला म्हणाली. "उद्या सोडायला सांगितलंय. कळी उद्याच उमलेल. आभाळ भरलंय, पण मान खाली गेली की आत थेंब जायचा नाही. एक फूल पुरे. एका बोंडात शंभर बिया असतात."

"शंभर कशाला," थोरली म्हणाली. "दहा पुरेत." कितीतरी दिवसांनी ती काही मागत होती.

सकाळी कळ्या उमलल्या. पाहुणे आले. महाराज, कारभारी आणि मोठमोठी सूर्यफुले वाफ्याभोवती उभी राहिली. खेकडीने पहिली गाठ थोरलीचीच सोडली. शेवाळ गळून पडले, काडी निघाली. खेकडी थांबली. फूल हलले नाही. तिने नांगीच्या टोकाने देठाला अगदी हळू, खाली दाबून पाहिले. देठ लाकडासारखा झाला होता. दाब काढताच तो पुन्हा वर आला.

तिने घाईघाईने दुसरी गाठ सोडली, तिसरी सोडली, पाचही सोडल्या. एकाही फुलाची मान खाली गेली नाही.

"बघा," कारभारी पाहुण्यांना म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता, "आता आपणहून."

सगळ्यांनी पाने वाजवून आनंद व्यक्त केला. तेवढ्यात पावसाची सर आली. महाराजांनी, कारभाऱ्याने आणि सगळ्या पाहुण्यांनी चेहरे भिजू नयेत म्हणून चटकन माना खाली घातल्या. वाफ्यातली पाच फुले तेवढी तोंड उघडे ठेवून वर बघत राहिली.