न लिहिलेला ठिपका

“पण सर, आपल्याला विचारलं होतं काय? फुफ्फुसच ना?”

शर्वाणीचा आवाज चढला होता. हिंगे सरांनी मान वळवली नाही. ते पडद्यावरच्या पोटाकडे बघत होते.

कॅन्सर रुग्णालयाच्या तळघरातली, स्कॅन वाचायची ती अंधारी खोली. पडद्यावर रंगनाथ खरमाटे यांचा पेट स्कॅन उघडा होता. शिरेतून टोचलेली साखर शरीरात जिथे जास्त खर्च होते, ती जागा या स्कॅनमध्ये चमकते. खरमाटेंच्या उजव्या फुफ्फुसातली गाठ मागच्या वेळी निखाऱ्यासारखी दिसली होती. केमोनंतर आज तिची जेमतेम राख उरली होती.

तेच दाखवायला शर्वाणीने सरांना बोलावलं होतं. ती एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होती. हिच्या नजरेतून मोहरीएवढी गाठ सुटत नाही, असं सगळे म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं.

सरांची एक जुनी सवय होती. स्कॅन कशासाठी मागवलाय हे सांगणारी चिठ्ठी ते टेबलावर पालथी घालत आणि स्कॅन खालून वर वाचत जात. जे विचारलंय, ते सगळ्यात शेवटी. शिकणारी मुलं मागे हसायची. सर खोकल्याच्या पेशंटचे गुडघे बघतात, म्हणायची. शर्वाणीही म्हणायची.

आज सर खालून निघाले आणि पोटातच थांबले.

“विचारलेलं राहू दे,” सर म्हणाले. “हे काय आहे?”

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक ठिपका चमकत होता.

“आतडं आहे, सर. पुष्कळांचं चमकतं.”

“पुष्कळांचं लांबच्या लांब चमकतं. इथे?”

“...एकच जागा आहे.”

“आधीचा स्कॅन उघड.”

तिने उघडला. ठिपका तिथेही होता. लहान होता, पण होता. त्या रिपोर्टवर सही शर्वाणीची होती. फुफ्फुसाबद्दल पानभर मजकूर. पोटाबद्दल एक ओळ : विशेष काही नाही.

“तेव्हा दिसला होता?”

तिची नजर त्या एका ओळीवर गेली.

“दिसला होता.”

“मग?”

“सर, फुफ्फुसात एवढी मोठी गाठ... आतड्यात काही असलं, तरी त्याने काय फरक पडणार होता?”

बोलून झाल्यावर ते वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं.

सर उठले. आजच्या स्कॅनसमोर गेले आणि पडद्यावरच्या छातीवर त्यांनी आपला पंजा ठेवला. छाती झाकली गेली. खाली नुसतं पोट उरलं.

“आता सांग. या माणसाला काय झालंय?”

“...आतड्याची गाठ असेल. फुफ्फुसाशी संबंध नसलेली. वेगळीच.”

“वाढलीय?”

“हो.”

“पसरलीय?”

“दिसत तरी नाही. दुर्बिणीने तपासायला हवं. लगेच.”

सरांनी हात काढला.

“ते बाहेर बसलेत. मी सांगू?”

“नको, सर. मी सांगते.”

खरमाटे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बाकावर मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन बसले होते. शर्वाणीला बघून उठले.

“काय मॅडम, यंदा वाजवू ना? पोरगा म्हणतो, बाबा, तुम्ही नुसते पुढे उभे राहा, फुंकायचं आम्ही बघतो. मी म्हटलं, नुसतं उभं राहायचं, तर मग घोड्यावरच बसवा की!”

तिला हसता आलं नाही.

“छातीतली गाठ खूप कमी झालीय, काका.”

खरमाटेंनी लगेच डबा उघडला.

“थांबा... पोटात एक ठिपका दिसतोय. आतड्यात. तो तपासावा लागेल.”

“पोटात?” त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूला हात नेला. “पोटाचं मी बोललो होतो की, मॅडम. मागच्या वेळी, तुम्ही मशीनवर झोपवलंत तेव्हा. म्हटलं, पोटात उजवीकडे दुखतं मधूनमधून. तुम्ही म्हणालात, काका, आधी छातीचं बघू.” मग तेच घाईने म्हणाले, “बरोबरच होतं म्हणा तुमचं. तुम्हाला छातीचं काम दिलेलं.”

तिच्या वतीने खरमाटेच सबब सांगत होते.

इथे थांबता आलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं.

“काका, तो ठिपका मागच्या वेळीही होता. मला दिसला होता. मी लिहिला नाही.”

खरमाटेंनी डब्याचं झाकण लावलं.

“का?”

...

“मी काही जगत नाही, असं वाटलं होतं?” त्यांनीच विचारलं.

तिने फरशीकडे बघत मान हलवली. हो.



“मलापण तसंच वाटलं होतं,” ते म्हणाले. “पण मी डॉक्टर नव्हतो.”

त्यांनी आवाज चढवला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “तपासणी कधी?”

“उद्या सकाळीच. मी आत्ता बोलून ठेवते. मी बरोबर येते, काका.”

खरमाटेंनी डबा तिच्या हातात दिला.

“घ्या. हे छातीचे. पोटाचे मग बघू.”

ते जिन्याकडे निघाले. अर्ध्या जिन्यात दम खायला थांबले, पण मागे वळून पाहिलं नाही.

खोलीत येऊन शर्वाणी रिपोर्ट लिहायला बसली. ‘हा ठिपका आधीच्या स्कॅनमध्येही होता, परंतु त्याची नोंद झाली नव्हती,’ असं तिने लिहिलं. वाचलं. पुसलं.

‘मी त्याची नोंद केली नव्हती,’ असं लिहिलं.

सर मागे उभे राहून वाचत होते.

पेढ्यांचा डबा टेबलावर, पालथ्या चिठ्ठीशेजारी तसाच पडून होता. शर्वाणीने तो हाताने लांब सारला.

“सर, हे पेढे मी कसे खाऊ?”

सरांनी डबा जवळ ओढला. एक पेढा उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

“आज खा,” ते म्हणाले. “लाज वाटायची थांबली, की मग नको खाऊस.”