शंख न आणलेला कुशाबा

फार जुन्या काळी, माणसं दूरदेशी पायीच जायची त्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. आता शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. पण काय गाव होतं ते!

त्या गावाची एक रीत होती. वयात आलेल्या पोरापोरींनी पायी समुद्रापर्यंत जायचं आणि तिथून एक शंख आणायचा. परत आलं की शिवेवर उभं राहून तो फुंकायचा. आवाज आला रे आला की अख्खं गाव हातातली कामं टाकून धावायचं. बायका पायांवर पाणी घालायच्या, म्हातारे पाठ थोपटायचे. शंख वाजल्याशिवाय मात्र कुणी शिवेकडे फिरकत नसे. वाजला नाही म्हणजे चालणारा अजून वाटेवर आहे, असंच सगळे धरून चालायचे.

एका वर्षी कुशाबा निघाला. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्याने वाढवलेला पोर. निघताना म्हणाला, "आत्या, असा शंख आणतो, पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल!"

"आण बाबा, आण," म्हणत आत्याने भाकऱ्या बांधून दिल्या.

कुशाबा कितीतरी महिने चालला. शेवटचा घाट तेवढा उरला होता, वाऱ्याला खारट वास येऊ लागला होता, आणि नेमका तिथेच त्याचा गुडघा सुजला. एका धनगराने त्याला आपल्या झोपडीत ठेवून घेतलं, पाला बांधला, शेक दिला. गुडघा कसाबसा सपाटीवर चालण्याजोगा झाला, पण घाट काही चढू देईना. शेवटी कुशाबा रडत रडत मागे वळला.

गावाच्या शिवेवर आला आणि पाय अडखळले. हात हलवत आत कसा जाऊ? काय तोंड दाखवू? शिवेबाहेर ओढ्यापलीकडे एक पडकी खोपी होती. एका रात्रीपुरता म्हणून तिच्यात शिरला, आणि तिथेच बसून राहिला. चार बोरं खायची, ओढ्याचं पाणी प्यायचं. तेही नकोसं व्हायचं. डोळ्याला डोळा लागेना. गावातल्या चुलींचा धूर दिसला की भिंतीकडे तोंड करायचा. 'मी फुकट गेलो, मी फुकट गेलो,' एवढंच मनात चालायचं.

आणि गाव? गाव कान देऊन शंखाची वाट बघत होतं! हाकेच्या अंतरावर पोर झुरत होतं आणि एकाचेही पाय तिकडे वळले नाहीत. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एके दिवशी सरपण गोळा करता करता आत्या ओढा ओलांडून गेली. खोपीत डोकावली, तर आत हाडांचा सापळा झालेला तिचा कुशा!

"अरे, कधी आलास तू?"

"तू जा, आत्या. शंख नाही आणला मी. समुद्रापर्यंत पोचलोच नाही."

आत्या गेली नाही. मोळी टाकून त्याच्या शेजारी बसली आणि त्याचे पाय मांडीवर घेतले. भेगाच भेगा! "मेल्या, कुठे कुठे फिरलास रे एवढं?"

कुशाबा हळूहळू बोलू लागला. एका कुंभारणीने भट्टीच्या उबेला झोपू दिलं होतं. नदीवरच्या नावाड्याने वल्हवता वल्हवता गाणं शिकवलं होतं. एक तांबडं कुत्रं तीन गावं सोबत आलं आणि मग कुणाच्या तरी अंगणात रमलं. धनगर पहाटे प्रत्येक मेंढीला नावाने हाक मारायचा.

"काय दिवस होते गं ते, आत्या! आणि इथे बसून मी एकदासुद्धा त्यांची आठवण काढली नाही."

"मग हे सगळं दुसरंच कुणी चालून आलं का?" आत्या म्हणाली. "ऊठ. माझ्या खांद्यावर हात टाक."

वेशीत पाटील आडवे आले. "अगं, शंख तर वाजलाच नाही! कुठाय शंख?"

"शंख नाही, पाटील. पोर आलंय. आधी त्याच्या पायांवर पाणी घाला, मग काय ते विचारा."

कुणी कुजबुजलं, कुणी हसलंही. पण एक म्हातारी घागर घेऊन पुढे झाली.

संध्याकाळी आत्याच्या अंगणात कुशाबाने वाट सांगितली. आजवर आलेल्यांनी समुद्राचं वर्णन केलं होतं, वाटेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. ऐकता ऐकता पाटीलच मध्ये बोलले, "अरे, तो नावाडी! त्याच्या बापाने मला पार उतरवलं होतं. तोही गायचा!" मग एकेका म्हाताऱ्याला आपली वाट आठवू लागली. किती वर्षांनी आठवत होती! डोळे पुसत पुसत सगळे एकमेकांना सांगत बसले.

कुशाबाचं दुःख एका रात्रीत गेलं, असं मी सांगणार नाही. काही सकाळी त्याला उठवत नसे. तेव्हा आत्या किंवा शेजारचं कुणीतरी त्याला ओढ्यापर्यंत चालवून आणायचं. समुद्र त्याने जन्मात पाहिला नाही, आणि कुणी विचारलंच तर मान वर करून तसं सांगायचा.

शंख वाजल्याशिवाय शिवेकडे न फिरकण्याची रीत मात्र गावाने त्या वर्षीच मोडली. दिवेलागणीच्या आत कुणीतरी शिवेपर्यंत जाऊन यायचं, बाहेर कुणी बसलंय का बघायचं, असं ठरलं. त्यानंतर खोपीत कुणी एकटं राहिलं नाही.

बोध: ठरवलेलं ठिकाण गाठता आलं नाही तरी चाललेली वाट आपलीच असते, आणि हात हलवत आलेल्याला घरी आणायला आपणच पुढे जायचं असतं.